"किती सेकंद चालतात?" दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्या व्हिडिओत घेण्याआधी

"दादा, किती सेकंदांपर्यंत चालतं?" नवीन चॅनल काढणारा जवळपास प्रत्येक जण मला आधी हेच विचारतो. कुणी सात सेकंद ऐकलेले असतात, कुणी दहा, कुणी तीस. असा आकडा भारताच्या कायद्यात नाही, अमेरिकेच्या कायद्यात नाही आणि यूट्यूबच्या नियमांतही नाही. गाण्याच्या चार-पाच सेकंदांवर क्लेम, म्हणजे हक्कदाराचे दावे, आलेले मी पाहिलेत. उलट, दुसऱ्याच्या व्हिडिओतली सव्वातीन मिनिटं वापरून न्यायालयात जिंकलेलं एक जोडपंही आहे. त्यांची हकिगत पुढे येईलच.

मी मराठी चॅनलांचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे स्ट्राइक बसला, म्हणजे कुणाच्या तक्रारीवरून यूट्यूबने व्हिडिओ उतरवला, की रात्री-अपरात्री फोन येतो. मागच्या पावसाळ्यात असाच एक आला. कॉलेजात शिकणारी मुलगी, गडकिल्ल्यांचं चॅनल, दोन वर्षांची मेहनत आणि त्या महिन्यातला दुसरा स्ट्राइक. राजगडाची ड्रोनने घेतलेली दृश्यं तिने दोन व्हिडिओंत वापरली होती, दोन्ही एकाच माणसाची. खाली त्याचं नाव आणि आभार व्यवस्थित लिहिले होते. चोरी तिच्या मनातही नव्हती. पण वापरण्याआधी त्या माणसाला विचारावं, हेही तिला सुचलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून त्याला मेल लिहिला. तिसऱ्या दिवशी त्याने दोन्ही स्ट्राइक मागे घेतले आणि सोबत एक ओळ लिहिली: "आधी विचारलं असतं तर मूळ फाइलच पाठवली असती."

ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून कोणत्या क्रमाने जायचं ते इथे सविस्तर लिहितो. मी वकील नाही. कायदेशीर नोटीस हातात पडली असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून वकिलाकडे जा.

पायरी १: व्हिडिओत कुणाकुणाचा वाटा आहे ते मोजा

व्हिडिओ एक दिसतो, पण त्यात हक्क अनेकांचे असतात. समजा, तुम्ही वारीवर दहा मिनिटांचा व्हिडिओ करताय. शोधताना दिवे घाटाचं एक दृश्य सापडलं. माउलींची पालखी घाट चढतेय, ड्रोनने वरून घेतलंय आणि मागे एका नामवंत गायकाच्या आवाजात तुकोबांचा अभंग लागलाय. तुम्हाला त्यातले चाळीस सेकंद हवेत. आता याचे थर एकेक करून सोडवू.

अभंगाचे शब्द सतराव्या शतकातले, ते तुमचे-माझे सगळ्यांचे. चाल एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर ती त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं त्याच्या किंवा त्याने ज्याला हक्क दिले त्याच्या मालकीची. गायकाचा सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षांचा. ध्वनिमुद्रण ज्या कंपनीचं, तिचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आणि चित्र ज्याने घेतलं त्याचा हक्क चित्रीकरण झालं त्या क्षणी तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला 'सी' काढावा लागत नाही. म्हणजे चाळीस सेकंदांसाठी चार दारं. ड्रोनवाल्याने आनंदाने "घ्या की" म्हटलं तरी संगीत कंपनीचा क्लेम येऊ शकतो, कारण त्याच्याकडे द्यायला फक्त चित्र आहे. गाणं त्याचं नव्हतंच.

यावर साधा उपाय आहे. ड्रोनवाल्याकडून आवाज नसलेलं मूळ चित्रीकरण मागा आणि त्याखाली तुम्ही स्वतः वारीत फोनवर टिपलेला टाळ-मृदंग लावा. मी दोन व्हिडिओंत असं केलं. खरं सांगायचं तर स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा ते कानाला अधिक जवळचं वाटलं. मध्येच कुणाचा खोकला, कुणाची "माउली, सरका जरा" अशी हाक, आणि मागे हजारो पावलांचा आवाज.

मालक ओळखतानाही गफलत होते. लग्नाचा व्हिडिओ घ्या. आपल्याला वाटतं, कॅमेरा ज्याचा त्याचा व्हिडिओ. पण आपल्या कायद्यात, मोबदला देऊन एखाद्याने चित्रफीत करवून घेतली आणि उलट करार झालेला नसला, तर पहिला मालक करवून घेणारा असतो. तेव्हा हळदीच्या गाण्यांवर काही करताना फक्त व्हिडिओवाल्याने हो म्हटलं म्हणून भागणार नाही, घरच्यांना विचारा. त्यात त्यांची लेकरंबाळं दिसत असतात, हा कायद्याच्याही आधीचा मुद्दा.

लग्नावरून आठवलं. वरातीत चित्रपटगीतं वाजवायला कायद्यात सूट आहे, कारण लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कायद्याने धार्मिक समारंभाच्या सवलतीत धरलेत. ही सूट समारंभात वाजवण्यासाठी आहे. त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट चॅनलवर टाकणं ही वेगळी गोष्ट. बँडवाल्यावर कुणी हरकत घेतली नाही म्हणून तुमच्या रीलवर घेणार नाही, असं समजू नका.

जुन्या गोष्टींचं गणित सोपं आहे. भारतात लेखक, कवी, संगीतकार यांचा हक्क निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं चालतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत, बिनधास्त म्हणा. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे. कानाला दोन्ही सारखेच 'जुने' वाटतात, फसगत होते ती तिथेच. चित्रपटाचे ६० वर्षं प्रदर्शनापासून मोजतात. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मोकळा आहे. पण त्याची एखादी प्रत कुणी नव्याने पार्श्वसंगीत घालून टाकली असेल, तर ते संगीत त्या नव्या माणसाचं.

पायरी २: मोकळं आहे का ते बघा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, तरी लोक तो गाळतात. यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' निवडा, म्हणजे मालकाने आधीच सगळ्यांना देऊन ठेवलेला परवाना. तिथे येणारे व्हिडिओ मूळ माणसाचं नाव देऊन वापरता येतात, त्यात बदल करता येतो, कमाईही करता येते. नाव, मूळ व्हिडिओचा दुवा, परवान्याचं नाव आणि तुम्ही काय बदललंत, एवढं वर्णनात लिहा. यूट्यूबबाहेर क्रिएटिव्ह कॉमन्सचे इतर प्रकारही भेटतील. काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते, काहींत बदलाला, म्हणून परवाना नीट वाचा. आणि एक लक्षात ठेवा: परवाना लावणारा स्वतः मालक असेलच असं नाही. कुणी मालिकेचा भाग चोरून टाकून त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा शिक्का मारला, तर तो शिक्का तुम्हाला वाचवणार नाही. त्या चॅनलवर बाकी काय आहे ते बघितलं की सहसा कळतं.

विज्ञानावर मराठीत बोलणाऱ्यांसाठी नासाचा साठा म्हणजे खजिना आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टींवर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे नासाची बहुतेक दृश्यं वापरता येतात. फक्त त्यांचं बोधचिन्ह लावून नासाचा पाठिंबा असल्याचं भासवू नका. आपल्याकडे मात्र सरकारी म्हणजे मोकळं असं नाही. सरकारच्या कामावरही ६० वर्षांचा हक्क असतो. राजपत्रातला मजकूर, न्यायालयांचे निकाल अशा गोष्टींना वेगळी सवलत आहे, पण सरकारी व्हिडिओ उचलताना त्या संकेतस्थळावरच्या अटी बघा.

फक्त दाखवायचंच असेल, तर कापून घ्यायची गरजही नसते. आपल्या संकेतस्थळावर यूट्यूबच्याच एम्बेडने तो व्हिडिओ लावा, म्हणजे तो यूट्यूबवरूनच तुमच्या पानावर चालतो. प्रेक्षकसंख्या मूळ माणसाच्या खात्यात जाते आणि त्याने काढला तर तुमच्याकडूनही जातो. शॉर्ट्स आणि इन्स्टाग्रामवर रीमिक्सची, म्हणजे दुसऱ्याचा तुकडा घेऊन आपला व्हिडिओ करण्याची, सोय आहे, पण ती परवानगी त्याच ठिकाणापुरती असते. शॉर्ट्सवर रीमिक्स केलेला तुकडा डाउनलोड करून फेसबुकवर टाकला की ती संपली.

पायरी ३: विचारा, आणि लेखी विचारा

लोक ही पायरी टाळतात. "एवढा मोठा चॅनलवाला आपल्याला कशाला उत्तर देईल" असं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. गावाकडच्या पाककृती दाखवणाऱ्या, शेतीवर बोलणाऱ्या, भजनी मंडळांचे कार्यक्रम टाकणाऱ्या लोकांना कुणी आपलं काम मागतंय याचं अप्रूप असतं. बहुतेकांनी मला हो म्हटलंय. मोठ्या कंपन्या सहसा उत्तर देत नाहीत. अशा वेळी उत्तर नाही म्हणजे होकार नाही.

भारतात परवाना लेखी असावा लागतो. त्यासाठी स्टॅम्प पेपरची गरज नाही, पण फोनवरच्या "हो हो, घ्या" वर विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या, मेल त्याहून चांगला. आणि दोन गोष्टी स्पष्ट लिहा: किती काळासाठी आणि कुठे कुठे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर परवानगी फक्त भारतापुरती धरतो. तुमचे प्रेक्षक लंडन, दुबई, न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळांतही असतील, तेव्हा हे शब्द महत्त्वाचे आहेत. माझा मेल साधारण असा असतो:

"नमस्कार ताई. मी मराठी खाद्यपरंपरेवर व्हिडिओ करतो, चॅनलचा दुवा खाली देतोय. तुमच्या मांड्यांच्या व्हिडिओतला २ मिनिटं १० सेकंद ते २ मिनिटं ४० सेकंद हा भाग, उलट्या खापरावर मांडा टाकतानाचा, मला माझ्या व्हिडिओत वापरायचा आहे. पडद्यावर आणि वर्णनात तुमचं नाव व दुवा देईन. व्हिडिओवर जाहिराती असतील. यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर, जगभर, कायमस्वरूपी वापरण्याची परवानगी हवी आहे. हा व्हिडिओ तुम्हीच चित्रित केलाय ना, आणि मागचं संगीत कुठून घेतलंय, तेही कळवाल का? तुमची काही अट असेल तर जरूर सांगा."

तीस सेकंद म्हणजे नेमके कुठले हे लिहिलं की समोरच्याचा विश्वास बसतो. जाहिरातींचा उल्लेख लपवू नका. नंतर कळलं तर हो म्हणणारा माणूसही दुखावतो. त्या ताईंनी एकच अट घातली होती: त्यांच्या सासूबाईंचंही नाव यावं, कारण हात सासूबाईंचे होते.

पायरी ४: न विचारता घ्यायचं असेल, तर कारण पक्कं असू द्या

प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागत नाही. चित्रपटाला वाईट म्हणायला निर्मात्याची परवानगी लागली असती तर समीक्षा हा प्रकारच उरला नसता. पुढाऱ्याचं भाषण खोडून काढायला त्याच्या पक्षाची लेखी संमती लागली असती तर बोलणंच बंद झालं असतं. ही मोकळीक कायद्याने दिलेली आहे आणि मराठी यूट्यूबवर ती आणखी धीटपणे वापरली जावी असं मला मनापासून वाटतं. पण ती कशासाठी आहे ते समजून घ्या.

अमेरिकेत तिला 'फेअर यूज' म्हणतात, आपल्याकडे 'फेअर डीलिंग'. शब्द जवळचे वाटले तरी रचना निराळी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ ठरावीक हेतू सांगतं: खासगी वापर आणि संशोधन, त्या किंवा दुसऱ्या कलाकृतीची टीका वा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सवलत चित्रपट आणि ध्वनिमुद्रणालाही लागू झाली. तुमचा वापर या हेतूंत बसायला हवा, आणि बसला तरी तो वाजवी हवा. अमेरिकेत हेतूंची यादी बंदिस्त नाही. तिथे चार गोष्टी एकत्र तोलतात: तुम्ही कशासाठी वापरलं, मूळ कृती कशा स्वरूपाची, किती आणि कोणता भाग घेतला, आणि मूळच्या बाजारावर काय परिणाम झाला. आपण नाशकात बसून व्हिडिओ करत असलो, तरी यूट्यूबची तक्रारीची पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यावर उभी आहे, म्हणून दोन्हींची ओळख हवी.

आता ती हकिगत. ईथन आणि हिला क्लाइन हे यूट्यूबवर प्रसिद्ध असलेलं जोडपं. त्यांनी मॅट हॉस नावाच्या माणसाच्या ५ मिनिटं २४ सेकंदांच्या व्हिडिओतली सुमारे ३ मिनिटं १५ सेकंदं आपल्या जवळपास १४ मिनिटांच्या व्हिडिओत वापरली. थोडा तुकडा दाखवायचा, थांबायचं, त्यातल्या प्रसंगाची, संवादांची, अभिनयाची चिरफाड करायची, मग पुढचा तुकडा. हॉसने खटला भरला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने हा फेअर यूज ठरवला. निम्म्याहून जास्त भाग घेऊनही ते जिंकले, कारण प्रत्येक तुकड्यावर त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं आणि त्यांचा व्हिडिओ पाहून कुणाची मूळ व्हिडिओ पाहण्याची गरज भागत नव्हती. त्याच निकालात न्यायाधीशांनी एक इशाराही दिला. सगळे रिअॅक्शन व्हिडिओ यात बसतात असं नाही. काही तर टिप्पणीशिवाय एकत्र बसून पाहण्यासारखेच असतात. कोपऱ्यात आपला चेहरा लावून अख्खा व्हिडिओ चालू द्यायचा आणि मधूनमधून "बाप रे!" म्हणायचं, हा प्रकार त्या इशाऱ्यातला.

आपल्याकडेही विचार फार वेगळा नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर एका मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक आलं. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने किती आणि किती महत्त्वाचं घेतलं, कशासाठी घेतलं, आणि दोघांत स्पर्धा होईल का. २०१२ मध्ये इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्सच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, अगदी क्षुल्लक वापराला भंग धरू नये हे तत्त्व लावलं. दोन्ही निकालांत सेकंदांची मर्यादा नाही.

प्रत्यक्ष एडिटिंगच्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो. एका ट्रेलरची समीक्षा करायची होती. ट्रेलर २ मिनिटं २० सेकंदांचा. समीक्षक मित्राचा मुद्दा असा की वऱ्हाडी पात्रांची बोली खोटी वाटते. मी त्याला आधी ते एका वाक्यात लिहायला लावलं. त्याने लिहिलं: "हे पात्र 'काय करून राहिला बे' म्हणतं आणि पुढच्याच वाक्यात थेट प्रमाण मराठीत शिरतं." झालं, आता काय कापायचं ते ठरलं. ते दोन संवाद सलग, ६ सेकंद. दुसऱ्या पात्राचा तसाच एक, ८ सेकंद. घराची मांडणी मात्र अस्सल आहे हे दाखवायला एक दृश्य, ४ सेकंद, बिनआवाजी. सात मिनिटांच्या समीक्षेत एकूण १८ सेकंद. शीर्षकगीत घेतलं नाही, कारण त्यावर त्याला काहीच म्हणायचं नव्हतं. शेवटची मारामारी थंबनेलमध्ये छान दिसली असती, तीही सोडली. आणि तो बोलत असताना मागे ट्रेलर गोल गोल फिरत ठेवला नाही. पुष्कळ जण नेमकं हेच करतात. तो भाग कोणत्याच मुद्द्यासाठी नसतो, नुसती सजावट असते, आणि वाद झाला की तीच अंगलट येते.

हा कट पक्का करताना मी दोन गोष्टी करून बघतो. क्लिप काढून टाकतो: मुद्दा लंगडा पडला तर क्लिप गरजेची होती, नाही पडला तर ती जाते. मग आपला आवाज बंद करून व्हिडिओ चालवतो: उरलेलं पाहून प्रेक्षकाचं मूळ व्हिडिओवाचून भागत असेल, तर जास्त घेतलंय.

शिक्षकांसाठी दोन ओळी. शिकवताना शिक्षक आणि विद्यार्थ्यांना कायदा बरीच मोकळीक देतो, वर्गात तुकडा दाखवताना धास्तावू नका. तोच तास रेकॉर्ड करून सगळ्या जगासाठी चॅनलवर टाकलात की मात्र वरचा सगळा विचार लागू होतो.

क्रिकेटच्या क्लिपांपासून नवख्याने लांब राहावं, असं मी स्पष्ट सांगेन. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला २५ वर्षांचा वेगळा हक्क आहे आणि तिथे पहारा फार कडक असतो. विश्लेषण करायचं तर धावफलक सांगा, मैदानाची आकृती काढा, क्षेत्ररचना ठिपक्यांनी दाखवा. प्रेक्षक थांबून बघतात.

आणि काही समजुती आता तरी सोडा. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. श्रेय द्यायचंच, ते त्या माणसाचं देणं आहे, पण त्याने हक्काचा प्रश्न सुटत नाही. "आमचा कॉपीराइट भंगाचा हेतू नाही" या ओळीने तर काहीच होत नाही. कमाई करत नाही, हा मुद्दा तोलताना उपयोगी पडतो, पण ती ढाल नव्हे. व्हिडिओ आरशासारखा उलटा करणं, आवाजाची पट्टी बदलणं, भोवती चौकट लावणं हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते करू नका. एक तर पकडले जाता, आणि मग "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोयही राहत नाही. नफ्यासाठी जाणूनबुजून केलेल्या भंगाला आपल्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

पायरी ५: टाकण्याआधी आणि क्लेम आल्यावर

व्हिडिओ आधी 'खासगी' ठेवून चढवा. यूट्यूब स्टुडिओत तपासणीचा टप्पा येतो. गाणं किंवा दृश्य त्यांच्या यंत्रणेच्या नोंदीत असेल तर तिथेच कळतं, आणि प्रकाशित करण्याआधी दुरुस्तीला वेळ मिळतो. प्रत्येक व्हिडिओसाठी एक फोल्डर करा. त्यात परवानगीचे मेल, परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि कोणती क्लिप कुठून, किती सेकंद, कशासाठी घेतली याची यादी ठेवा. एक वर्षाने प्रश्न आला की आठवणीवर उत्तर देता येत नाही.

क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखा दोन्हींना सारखाच घाबरतो.

क्लेम बहुधा यंत्र देतं. व्हिडिओ राहतो, त्यावरची कमाई हक्कदाराकडे जाते किंवा काही देशांत तो दिसत नाही. चॅनलला धक्का नाही. गाणं खरंच तुमचं नसेल, तर स्टुडिओतच ते कापायची, बंद करायची किंवा बदलायची सोय आहे, ती वापरा आणि विषय संपवा. पण तुमची समीक्षा खरी असेल, परवानगी हातात असेल, तर डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाका. पाच दिवसांच्या आत टाकलात तर क्लेम आल्याच्या दिवसापासूनची कमाई निकालापर्यंत बाजूला ठेवली जाते. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. डिस्प्यूटमध्ये "फेअर यूज आहे" एवढंच लिहू नका. मिनिट-सेकंद देऊन लिहा: "३:१२ ते ३:१८, दोन संवाद, त्यातल्या बोलीवर ३:१९ ते ४:४० मध्ये टीका केली आहे." तुमच्या फोल्डरमधली यादी इथे जशीच्या तशी कामाला येते.

स्ट्राइक म्हणजे कुणीतरी काढून टाकण्याची रीतसर मागणी केली आणि व्हिडिओ उतरला. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जाण्याची वेळ येते. घाईने व्हिडिओ डिलीट करू नका, त्याने स्ट्राइक जात नाही. तीन मार्ग आहेत. ९० दिवस थांबणं आणि यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करणं. ज्याने तक्रार केली त्याला लिहून ती मागे घ्यायची विनंती करणं, राजगडवालीने केलं तसं. तिसरा म्हणजे काउंटर नोटिफिकेशन, तक्रार चुकीची आहे असं रीतसर लेखी उत्तर. हा मार्ग तुमची बाजू भक्कम असेल तरच धरा. त्यात तुमचं खरं नाव आणि पत्ता समोरच्याकडे जातो आणि तुम्ही कायदेशीर निवेदन करत असता. त्यानंतर तक्रारदाराने अमेरिकेच्या कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो.

कायदा बाजूने असला तरी पहिला निर्णय न्यायालयात होत नाही, हे मनाशी धरून ठेवा. मे २०२५ मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था आणि काही मोठे यूट्यूबर यांच्यात याच कारणाने वाद पेटला. काही सेकंदांच्या क्लिपांवर स्ट्राइक देऊन ते मागे घेण्यासाठी लाखोंचा परवाना घ्यायला सांगितलं जातं, असा यूट्यूबरांचा आरोप होता. आम्ही आमच्या मालकीचा कायदेशीर हक्क बजावतोय, ही संस्थेची बाजू. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. लहान चॅनलने बातम्यांच्या क्लिपा घेताना याचा विचार करावा. पत्रकार परिषदेतलं वाक्य सांगायचं असेल तर ते पडद्यावर अक्षरांत दाखवून स्वतः वाचता येतं. एखाद्याचा चेहरा, त्याचा सूर, त्याचं अडखळणं हाच मुद्दा असेल तेव्हाच क्लिप घ्या, आणि तेवढीच.

आणि तुमचाच व्हिडिओ कुणी उचलला तर

हाही दिवस येतो. त्या राजगडच्या मुलीवर तो सहा महिन्यांत आला. तिने स्वतः चालत जाऊन संजीवनी माचीवरून घेतलेला सूर्योदय दुसऱ्याच कुणाच्या पानावर, तिचं नाव झाकून लागला होता. ती लगेच तक्रार करायला निघाली होती. मी म्हटलं, आधी मूळ फाइल जपून ठेव, त्यात तारीख आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि दुवा ठेव. मग त्याला एक मेसेज कर आणि दोन दिवस थांब. उत्तर आलं नाही, तर प्रत्येक मोठ्या ठिकाणी कॉपीराइट तक्रारीचा अर्ज असतो, तो भर. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आणि त्याखालच्या नियमांत अशी लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकूर बंद करण्याची तरतूद आहे. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. आणि तक्रार करण्याआधी त्याने कशासाठी वापरलंय ते बघ. त्याने तुझ्या व्हिडिओवर टीका केली असेल, दोन तुकडे दाखवून तुझी माहिती चुकीची आहे म्हटलं असेल, तर तो त्याचा हक्क आहे. तिथे स्ट्राइक नाही द्यायचा, उत्तर द्यायचं.

त्या पानावर टीका नव्हती, नुसता सूर्योदय होता. तिने मेसेज केला. संध्याकाळी उत्तर आलं, माफी मागून तिचं नाव लावलं होतं आणि खाली विचारलं होतं, तोरण्याचं काही चित्रीकरण आहे का.